पाटी कोण लावतो? चार्ल्सटन पाहून आल्यावर

अमेरिकेतल्या मित्रांना भेटायला गेलो होतो, कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन दक्षिणेतले एक जुने शहर पाहून आलो, असे परवा एका बैठकीत सांगितले. लगेच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "फिरलात, चांगले झाले. पण त्यातून समाजाला काय मिळाले?" प्रश्न हसण्यावारी नेता आला असता. पण तो रास्त आहे. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फिरणे ही प्रस्थापितांची चैन आहे आणि कार्यकर्त्याने तिच्या नादी लागू नये, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचावे. त्यातले पहिले चारही प्रसंग प्रवासातले आहेत. 1901 साली लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरतो, तेव्हा महारांची पोरे म्हणून बैलगाडीवाला गाडी हाकायला तयार होत नाही. दुप्पट भाडे देऊन पोरांनाच गाडी हाकावी लागते आणि रात्रभर पाण्याचा घोट मिळत नाही. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही. 1929 साली चाळीसगावात टांगेवाला बसवून घेत नाही. आणि 1934 साली काय झाले? सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली, वेरूळची बौद्ध लेणी पाहायची ठरली, तीसेक माणसे बसने निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या तळ्यावर हातपाय धुतले. तळे बाटवले म्हणून जमाव धावून आला. शेवटी आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन किल्ला पाहू दिला गेला.

म्हणजे बाबासाहेब सहलीला गेले होते. आपला वारसा पाहायला गेले होते. आपल्यासाठी सहल ही सुट्टीची मजा नंतर असते, आधी ती नागरिकत्वाची परीक्षा असते.

तीनही दिवे लागतात का?

आम्ही अटलांटाला उतरलो, तिथे व्हॅन घेतली आणि सुमारे 500 किलोमीटर पूर्वेला समुद्राच्या दिशेने निघालो. दक्षिण कॅरोलायना राज्यातले चार्ल्सटन हे ते शहर. विदर्भातून गेलेले आमचे एक मित्र-दांपत्य त्याच्या शेजारच्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये राहते. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. दोन बाक असतात, रात्री त्यांचाच पलंग होतो. एक शेगडी, छोटा फ्रीज आणि पाण्याची टाकी. ती टाकी पहिल्यांदा भरताना आम्हाला मसूरची ती बैलगाडी आठवली. आपले पाणी आपल्या गाडीत असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याला कधी पाणी नाकारले गेले नाही त्याला समजावून सांगणे कठीण आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाला मात्र ते समजावून सांगावे लागत नाही. दक्षिणेत मोटेल काळ्यांना खोली देत नसे, हॉटेल जेवण देत नसे, पेट्रोल पंपावरचे संडास बंद असत. म्हणून काळी कुटुंबे डबे, पाणी, अंथरूण घेऊन निघत आणि गाडीतच झोपत. 1936 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने 'ग्रीन बुक' काढले. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला जागा मिळेल, जेवण मिळेल, गाडी दुरुस्त करून मिळेल, याची ती यादी होती. हे पुस्तक साठच्या दशकापर्यंत निघत राहिले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा कुठे त्याची गरज कमी झाली. आज व्हॅनमध्ये झोपणे ही हौस आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर ती लाचारी होती.

मित्र भेटला, "जय भीम दादा" म्हणाला, गळाभेट झाली आणि त्याने पहिले काम काय केले? व्हॅनच्या मागे जाऊन ब्रेकचे तीनही दिवे लागतात का ते पाहिले. आम्ही हसलो. तो हसला नाही. याच नॉर्थ चार्ल्सटनमध्ये 4 एप्रिल 2015 रोजी वॉल्टर स्कॉट या काळ्या माणसाची गाडी पोलिसाने ब्रेकचा दिवा लागत नाही म्हणून थांबवली. स्कॉट निःशस्त्र होते. ते पळाले, तेव्हा पोलिसाने त्यांना पाठीत गोळ्या घातल्या. एका वाटसरूने फोनवर चित्रीकरण केले म्हणून सत्य बाहेर आले आणि त्या पोलिसाला 20 वर्षांची शिक्षा झाली. चित्रीकरण नसते तर पोलिसाने सांगितलेली हकिकतच इतिहास ठरली असती. नोंद कोण करतो, हा प्रश्न इथूनच आमच्याबरोबर शहरात आला.

सुंदर शहर, पण कुणाच्या घामाचे?

जुन्या शहराचे रस्ते अरुंद, तिथे मोठी गाडी लावायला जागा नाही. म्हणून व्हॅन जेम्स आयलंडवरच्या सरकारी उद्यानाच्या तळावर ठेवली आणि मित्राच्या गाडीने शहरात जात राहिलो. चार्ल्सटन सुंदर आहे, यात वाद नाही. 1670 साली वसलेले शहर, दोन नद्यांच्या मध्ये, रंगीत घरे, दगडी गल्ल्या, लोखंडी फाटके, घोडागाडीतून फिरणारे पर्यटक. पण ते उभे कशावर राहिले? ज्या आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आणले गेले, त्यांच्यापैकी जवळपास 40 टक्के या एका बंदरातून आले, असा अंदाज सांगितला जातो. 1860 साली या राज्यातली निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम होती. शहराची श्रीमंती भाताची. आणि दलदलीत बांध घालून, भरती-ओहोटीच्या पाण्यावर भात पिकवण्याचे ज्ञान पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांकडे होते. हात तर चोरलेच, डोकेही चोरले. आपल्या बलुतेदारांच्या बाबतीत काय झाले, ते वेगळे सांगायला नको.

घरे विटांची. त्या विटा गुलामांनी, त्यांच्या लहान लेकरांनी थापल्या. काही विटांवर ओल्या मातीत रुतलेले बोटांचे ठसे अजून आहेत. जेम्स आयलंडवरच्या मॅक्लाऊड मळ्यात वहिनींनी अशा एका ठशाशेजारी आपले बोट धरून पाहिले. ठसा त्यांच्या बोटापेक्षा बारीक होता.

या राज्यात 1739 साली गुलामांचे बंड झाले आणि 1740 साली कायदा झाला, की गुलामाला लिहायला शिकवील त्याला दंड. शोषक कोणत्याही देशातला असो, त्याला भीती अक्षराची वाटते. हे जोतीराव फुल्यांना नेमके कळले होते. म्हणून 1873 साली 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी ज्यांचे दुःख ओळखले, त्यांच्या बंदरावर आम्ही उभे होतो.

पाट्या आपोआप लागत नाहीत

आज चार्ल्सटनमध्ये पाहुण्यांना यातले बरेच काही सांगितले जाते. चामर्स स्ट्रीटवर जिथे माणसांचा लिलाव होई, तिथे संग्रहालय आहे. जून 2018 मध्ये नगर परिषदेने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफीचा ठराव केला. हे पाहून आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, गोरे किती उदार, आपले लोक कधी माफी मागणार! मित्रहो, इथेच आपण फसतो. तो ठराव 7 विरुद्ध 5 मतांनी झाला. 2018 सालीसुद्धा पाच जणांनी विरोधात मत दिले. यात औदार्य किती आणि रेटा किती, याचा हिशेब करा.

डेन्मार्क व्हेसी घ्या. लॉटरीत मिळालेल्या पैशातून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेला हा सुतार. 1822 साली त्याच्यावर गुलामांच्या उठावाचा कट रचल्याचा आरोप ठेवून त्याला फाशी दिले. एकूण 35 जणांना फाशी झाली. ज्या काळ्या चर्चशी त्याचे नाते होते, ते जमीनदोस्त केले गेले. त्याचा पुतळा उभारावा म्हणून तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकात प्रयत्न सुरू केले. पुतळा उभा राहिला 2014 साली.

त्याच वेळी शहराच्या मधोमध, उंच खांबावर, जॉन कॅल्हून उभा होता. गुलामगिरी ही समाजाच्या हिताचीच गोष्ट आहे, असे सांगणारा हा अमेरिकेचा उपाध्यक्ष. व्हेसीच्या काळात पाडलेल्या चर्चचा वारसा सांगणारे इमॅन्युएल चर्च तिथून चालत काही मिनिटांवर आहे. 17 जून 2015 रोजी त्या चर्चमध्ये बायबलचा अभ्यास चालू असताना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. काही दिवसांतच ब्री न्यूसम या काळ्या तरुणीने राज्याच्या राजधानीत खांबावर चढून गुलाम-मालकांच्या बाजूने लढलेल्यांचा झेंडा उतरवला. तिला अटक झाली आणि झेंडा पुन्हा चढवला गेला. पुढच्याच महिन्यात सरकारला तो कायमचा उतरवावा लागला. कॅल्हूनचा पुतळा निघाला जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. नऊ प्रेते पुरेशी पडली नाहीत, आणखी पाच वर्षे लागली. आणि चर्च ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याचे नाव आजही कॅल्हून स्ट्रीटच आहे.

आता एक विसरलेली गोष्ट सांगतो. यादवी युद्धात शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उत्तरेच्या सैन्याचे कैदी डांबले होते. त्यातले जे मेले, त्यांना तिथेच कसेतरी पुरले होते. युद्ध संपताच, नुकतीच गुलामीतून सुटलेली माणसे तिथे गेली, मृतांना सन्मानाने पुन्हा पुरले, कुंपण घातले, कमान उभारली. 1 मे 1865 रोजी सुमारे दहा हजार लोक, बहुतेक काळे, शाळेची पोरे पुढे, हातात फुले घेऊन मानवंदना द्यायला जमले. शहीद स्मरणाचा अमेरिकेतला हा अगदी सुरुवातीचा सोहळा. पण पुढे गोऱ्या सत्तेने ही आठवणच पुसली. इतिहासकारांनी कागदपत्रांतून ती पुन्हा काढली आणि तिथे पाटी लागायला जवळपास दीडशे वर्षे गेली. आता ते हॅम्प्टन पार्क आहे. नाव गुलाम-मालकांच्या बाजूच्या एका सेनापतीचे. आम्ही तिथे गेलो तेव्हा माणसे पळायला आली होती. पाटीजवळ थांबलेलो आम्हीच.

भीमा कोरेगाव आठवले नसते तरच नवल. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले नसते, तर तो आपल्या लेखी इंग्रजांचा एक दगड राहिला असता. स्मारक सरकार बांधते, पण त्याचा अर्थ त्याच्याशी इमान राखणारी माणसे जिवंत ठेवतात.

एका बसची गोष्ट

ज्या माणसाने आम्हाला सर्वात जास्त शिकवले, त्याच्याकडेही एक व्हॅन होती. जॉन्स आयलंड या शेजारच्या बेटावरचा इसॉ जेन्किन्स. तो बेटावरच्या मजुरांना बसने चार्ल्सटनला कामावर न्यायचा. तेव्हा मतदार यादीत नाव घालायला राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. काळ्यांना शिक्षणापासून दूर ठेवायचे आणि मग वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचे! जेन्किन्सने चालत्या बसमध्ये प्रवाशांना राज्यघटना शिकवायला सुरुवात केली. सेप्टिमा क्लार्क या चार्ल्सटनच्या शिक्षिका, काळ्यांच्या संघटनेच्या सदस्य आहेत म्हणून 1956 साली त्यांची नोकरी घालवली गेली. या दोघांच्या प्रयत्नांतून 1957 साली जॉन्स आयलंडवर पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय यायला नको. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, ज्या व्यवसायाने केस नीट करून देत. फळा, खडू आणि मतदाराचा अर्ज एवढाच अभ्यासक्रम. या शाळा पुढे सगळ्या दक्षिणेत पसरल्या.

नंतर जेन्किन्सने एक फोक्सवॅगन व्हॅन घेतली आणि तिच्या पाठीवर रंगवून घेतले, की प्रेमात प्रगती आहे आणि द्वेष महागात पडतो. त्या व्हॅनचा मागचा भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याकडे किती गाड्या आहेत हो आता! जयंतीला निळे झेंडे लावून आपण त्या मिरवतो. त्यातल्या एका गाडीत, एका फेरीत, एका माणसाला एक कलम समजावून सांगणारे किती आहेत, हे आम्ही आम्हालाच विचारले. उत्तर अभिमानाचे नव्हते.

"पूर्ण नाव काय म्हणालात?"

या प्रवासात आमचा अपमान कोणत्याही गोऱ्याने केला नाही. वाटेतल्या एका तळावर एक मराठी कुटुंब भेटले. मराठी ऐकून आनंदाने आले, चहा झाला. मग सुरू झाले. गाव कुठले? गावात घर कुठे? आणि शेवटी, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव ऐकल्यावर चहाचा कप तसाच राहिला आणि त्यांच्या पोरांना झोपायची वेळ झाली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दादा, इथे सहा वर्षे झाली. ऑफिसात भारतीयांच्या टेबलावर जेवताना मी अजून आडनावावर बोलणे येऊ देत नाही."

हे काही एकट्या वहिनींचे दुःख नाही. म्हणून तर सिएटल शहराने 2023 साली जातीभेदाला कायद्याने बंदी घातली. आणि म्हणूनच कॅलिफोर्नियातले तसे विधेयक सभागृहांत मंजूर होऊनही गव्हर्नरच्या नकाराधिकाराने अडले. विरोध करणारे कोण होते, तेही जगजाहीर आहे. भारतीयांना अमेरिकेचे दार मोकळे करणारा 1965 चा स्थलांतर कायदा नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणात झाला. काळ्यांच्या रक्तावर मिळालेल्या व्हिसावर तिथे जायचे आणि बॅगेत जात घेऊन जायची! काळ्यांबद्दल नाक मुरडण्यात आपलेही काही लोक मागे नाहीत, हेही इथेच कबूल करायला हवे.

वर्ण आणि जात एकच आहेत, असा दावा आम्ही करत नाही. बाबासाहेबांनीच दोन्हींची तुलना करून दाखवले, की अस्पृश्यता ही अप्रत्यक्ष गुलामी आहे, माणसाला तिची जाणीव होत नाही आणि म्हणून ती अधिक टिकते. पण त्याच बाबासाहेबांनी जुलै 1946 मध्ये काळ्यांचे विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या काळ्यांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. फरक ओळखून शिकायचे, ही त्यांची रीत होती.

मग समाजाला काय मिळाले?

शेवटच्या दिवशी आम्ही 2023 साली उघडलेले आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय पाहिले. जिथे गुलामांची जहाजे लागत, त्याच धक्क्याच्या जागेवर, जमिनीला मान देऊन खांबांवर उचललेली इमारत. खाली फरशीत माणसांच्या आकृत्या आहेत, जहाजात गच्च झोपवलेल्या माणसांसारख्या, आणि त्यांच्यावर पाणी चढते-उतरते. वर एक दालन आहे, तिथे काळी कुटुंबे आपल्या पूर्वजांची नावे शोधायला येतात. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांचे नाव लिहिले जात नसे. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग. 1870 साली पहिल्यांदा नाव येते. त्या मागे जाणे फार कठीण असते.

तिथे उभे असताना आम्हाला तहसील कचेरी आठवली. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात, तेव्हा आपली पोरे कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरतात. त्यात आज्याचे नाव सापडते, पुढे जात लिहिलेली असते. दाखला मिळाला की आपण तो कागद फाईलमध्ये टाकून विसरतो. तो कागद नुसता सवलतीचा पुरावा आहे काय? तो आपल्या घराण्याचा पहिला लेखी इतिहास आहे.

तेव्हा ज्या कार्यकर्त्याने प्रश्न विचारला, त्यांना आणि तुम्हा सर्वांना आमचे उत्तर हे आहे. येत्या सुट्टीत घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजी, पणजी, त्यांची माहेरची नावे लिहा. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा कुठे होता, विहीर कोणती नाकारली, पहिला कोण शाळेत गेला, 1956 साली नागपूरला कोण गेले आणि कसे गेले, ते लिहा. कोतवाल बुकाच्या नकलेचा फोटो त्यासोबत ठेवा. आणि जरूर फिरायला जा. गड पाहा, वाडे पाहा, घाट पाहा, लेणी पाहा. प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारा, "हे बांधले कुणी?" त्याने राजाचे नाव सांगितले, तर पुन्हा विचारा.

चार्ल्सटनच्या लोकांना एकेका पाटीसाठी दशके झगडावे लागले, पण पाटीवर लिहायला त्यांनी नावे जपून ठेवली होती. आपली पाटी लागायचा दिवस येईल तेव्हा आपल्याजवळ वही असली पाहिजे.

जय भीम!